मंगळवारचे बारा प्रश्न

विमलाबाईंनी दोनदा खोकून पाहिलं. पहिला खोकला नुसता घसा साफ केल्यासारखा झाला. दुसरा बरा जमला. मग त्यांनी कपाटाला चिकटवलेल्या दवाखान्याच्या कार्डावरचा नंबर लावला.

"साहेब, मखमलाबादहून विमलाबाई बोलते. कालपासून खोकला हाय."

"दिशा मॅडमना लगेच पाठवतो," दवाखान्यातले शेखर साहेब म्हणाले.

फोन ठेवून विमलाबाई खुशीत पोह्यांना कांदा चिरायला बसल्या.

गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यानं जूनमध्ये फ्लूच्या नव्या लशीचा अभ्यास सुरू केला होता. साठी ओलांडलेल्या माणसांना सुई टोचली, निम्म्यांना लशीची, निम्म्यांना मिठाच्या पाण्याची. कुणाला काय मिळालं हे टोचणारीलाही ठाऊक नव्हतं. दर मंगळवारी दवाखान्यातली दिशा स्कूटीवरून यायची आणि टॅबलेटवर बघून बारा प्रश्न विचारायची. ताप आला का, अंग दुखतं का, भूक लागते का. अधेमधे सर्दी-खोकला झाला तर कळवायचं, मग ती येऊन नाकात लांब काडी घालून नमुना न्यायची. ती काडी नाकात गेली की डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं.

विमलाबाईंनी आजवर अशा तीन काड्या सोसल्या होत्या, तिन्ही खोट्या खोकल्याच्या. रिपोर्ट अर्थातच स्वच्छ आले.

हे सगळं चाललं होतं योगेशसाठी. बत्तीस वर्षांचा मुलगा, निर्व्यसनी, पॉलिहाउसमध्ये जरबेरा फुलवणारा. पण मुलीकडचे लोक घर बघायचे, फुलं बघायचे, चहा प्यायचे आणि विचारायचे, नोकरी कुठं आहे? सात ठिकाणी बोलणी फिसकटली. त्यात योगेश एवढा मुखदुर्बळ, की मुलीसमोर बसवला तर चहाच्या कपाशीच बोलायचा.

आणि इथे दर आठवड्याला एक शिकलेली, गोड बोलणारी मुलगी आपल्या पायांनी घरात येत होती! तिचे बारा प्रश्न झाले की विमलाबाईंचे सुरू व्हायचे. गाव कुठलं? दिंडोरी. वडील? द्राक्षबागायतदार. भाऊ किती? एकच. लग्नाचं काही चाललंय का? यावर दिशा हसायची आणि पोहे संपवायची.

"काकू, तपासायला मी येते की तुम्ही मला तपासता?"

"दोघींचं काम होतं की गं!"

डिसेंबरात दवाखान्याची गाडी त्यांना घ्यायला आली. तिथे रक्त काढलं, पाच-सहा कागदांवर सह्या घेतल्या, स्टीलचा एक डबा भेट म्हणून हातात दिला. शेखर साहेब बराच वेळ समजावून सांगत होते. विमलाबाई मान डोलवत होत्या, पण त्यांचं सगळं लक्ष दिशाच्या नव्या ड्रेसकडे होतं. हा रंग योगेशच्या शेजारी कसा दिसेल, एवढाच विचार डोक्यात होता.

निघताना मात्र त्या दारातच थबकल्या. अभ्यास काय, आज ना उद्या संपायचाच. मग ही कशाला येते?

"दिशा, मंगळवारी येशील ना गं?"

"येईन की काकू."

आणि ती आली. विमलाबाईंचा जीव भांड्यात पडला.

जानेवारीत तर सगळंच सोपं झालं. टॅबलेट बंद झाला, दिशा साध्या वहीत लिहू लागली. विमलाबाईंनी एकदा सवयीनं खोकून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "आता काडीची गरज नाही काकू. आल्याचा काढा घ्या." विमलाबाईंच्या नाकानं सुटकेचा श्वास सोडला. उलट घरातल्या इतरांची चौकशी वाढली. दिशा वही घेऊन पॉलिहाउसमध्ये जायची आणि अर्धा अर्धा तास परतायची नाही. योगेशही मंगळवारची फुलं शेजाऱ्याच्या टेम्पोतून बाजाराला पाठवू लागला.

"तुला एवढं काय विचारते रे?" त्यांनी एकदा विचारलं.

"सर्दीचंच," योगेश म्हणाला आणि फुलं मोजू लागला.

विमलाबाईंनी कपाळाला हात लावला. देवानं दारात आणून उभी केलेली मुलगी, आणि हा तिच्याशी सर्दीचं बोलतो! म्हणजे आता आपल्यालाच तोंड उघडायला हवं. येत्या मंगळवारी सरळ विचारायचं. नाही म्हणाली तर निदान चांगले आठ महिने गेले, असं समजायचं.

पण सोमवारी सकाळी त्यांचं अंग कसकसलं. थर्मामीटर लावला, तर एकशे दोन. असला तापही त्यांना गोड वाटला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच नंबर लावताना खोटं बोलायचं नव्हतं.

"साहेब, विमलाबाई बोलते. या वेळी खरंच ताप हाय."

"या वेळी म्हणजे?"

विमलाबाईंनी जीभ चावली. "म्हणजे, लय ताप हाय. दिशाला उद्याच्या ऐवजी आजच धाडता का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"विमलाबाई, जवळच्या डॉक्टरांना लगेच दाखवा, अंगावर काढू नका. पण आमच्याकडून आता कुणी येणार नाही. तुमचा अभ्यास डिसेंबरातच संपला. सह्या करून घेतल्या नव्हत्या का आपण?"

"संपला? अन् मग दिशा दर मंगळवारी येती ती?"

शेखर साहेबांनी पुन्हा कागद चाळले.

"मंगळवारी? अभ्यास संपल्यापासून मंगळवारी तर त्यांची सुट्टी असते. रविवारची बदलून मुद्दाम मागून घेतलीय त्यांनी."