वाटणारीचा हात

"मिक्सरमध्ये?" रत्नम्माचा आवाज नको तितका चढला. "गोरिंटाकू कुणी मिक्सरमध्ये वाटतंय व्हय?"

"सगळं जग वाटतंय," रुपाली म्हणाली. समोरच्या जमीलाच्या दारातल्या झाडाचा हिरवागार मेंदीचा पाला तिनं भांड्यात कोंबला, वर चिंचेचं बुटूक नि काताचा खडा टाकला. "सकाळी काय म्हणत होतीस? वाकलं की कंबर धरतीय म्हणत होतीस न्हवं? मग पाट्यावर कशाला बसतीस?"

कंबरेनं ऐन वेळी दगा दिला होता. अंगणात पाटा धुऊन ठेवला होता, त्याला मुद्दाम टाकीसुद्धा लावून घेतली होती. आता त्याच्यावर मांजर येऊन बसलं.

त्यांच्या तेलुगू घरांत आषाढ लागला की बायका ओल्या पाल्याची मेंदी, म्हणजे गोरिंटाकू, लावतात आणि नव्यानं लग्न झालेली लेक पहिल्या आषाढाला माहेरी येते. रुपाली त्यासाठीच भिवंडीहून आली होती, हे कुंभारीच्या विडी घरकुलात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की या दिवसाची वाट रत्नम्मा स्वतःसाठी पाहत असे. नवरा गेला तशी कुंकू, बांगड्या नि मेंदी, तिन्ही गेली. पण वाटणाऱ्या बाईचा हात रंगतोच, त्याला कोण काय करणार? म्हणून दर आषाढात अख्ख्या गल्लीची मेंदी ती एकटी वाटायची. "किती कष्ट घेते बिचारी," बायका हळहळायच्या. बिचारी मान खाली घालून वरवंटा ओढायची आणि आतून तिला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. पुढं कितीतरी दिवस विड्या वळताना सुपात तिला आपलेच लाल तळवे दिसायचे.

मिक्सर घरघरला आणि थांबला. झालं वाटून.

"बघ, कसं लोण्यागत!" रुपाली म्हणाली.

"गुठळ्या असतील. थांब, हातानं फोडते." रत्नम्मानं बाही सावरली.

"अगं अगं!" रुपालीनं पर्समधून केसांना रंग लावायचे प्लास्टिकचे हातमोजे काढले. "हे घाल आधी. दरवर्षी डाग पडतात तुझ्या हाताला, लवकर जात बी न्हाईत."

डाग! पोरीच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घालावा, असं रत्नम्माला वाटलं. पण चार दिवसांची पाहुणी लेक. तिनं मुकाट्यानं हातमोजे चढवले.

तेवढ्यात हात पुसत जमीला आली. झाड तिचं, तेव्हा पहिला मान तिचा. रत्नम्मानं तिच्या तळहाताच्या मधोमध गोल चांदवा थापला, बोटांच्या टोकांना टोप्या घातल्या. मग रुपालीच्या डाव्या हाताला लावायला बसली. हिरवा गोळा प्लास्टिकवरून घसरत होता. कातडीला एक कण लागत नव्हता. ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरणीसारखी ती आपल्या हातांकडं बघत राहिली.

जमीला तिच्याकडं बघत होती. एकदम म्हणाली, "अक्का, तू बी लाव की. आता कोण काय म्हणतंय?"

"व्हय अम्मा," रुपाली म्हणाली. "माझा उजवा मोकळा हाय अजून. मी लावते, आण तुझा हात."

इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. आणि रत्नम्माच्या जिभेला काय झालं कोण जाणे, ती बोलून गेली, "छ्या! काय तरीच! माझं काय वय हाय का हे?"

लक्ष्मी टिळा लावायला आली आणि ही तोंड धुवायला गेली. दोघी आता आग्रह करतील म्हणून ती जरा थांबली. रुपालीच्या उजव्या हाताला तर तिनं मेंदी फारच सावकाश, थांबत थांबत लावली. पण आज दोघींना भलताच समजूतदारपणा सुचला होता. कुणी पुन्हा विचारलं नाही. आणि आपल्या तोंडानं मागायचं, ते तर तिला मेली तरी जमलं नसतं.

दोघी हात पसरून उंबऱ्यापाशी बसल्या. रत्नम्मानं मिक्सरचं भांडं उचललं. कडेला नि पात्याखाली बरीच मेंदी चिकटून राहिली होती. मोरीकडं जाता जाता ती तिथंच उभी राहिली. भांडं धुवायचं तर त्यात इतकं बघण्यासारखं काही नसतं. मान वर केली तर रुपाली तिच्याकडं टक लावून बघत होती. आधी तिच्या कपाळाला आठी पडली. मग ती आठी हळूहळू उलगडली आणि पोरीचे डोळे हसायला लागले.

"अम्मा," ती म्हणाली, "ते हातमोजे काढून टाक. प्लास्टिकनं मेंदी निघत न्हाय. हातानंच घासायला लागतंय."

"आणि लई चिकटलंय बघ ते," जमीला छपराच्या पत्र्याकडं बघत गंभीरपणे म्हणाली. "दोनी हातानं घास. सावकाश घास. कुणाला घाई हाय?"

रत्नम्मानं हातमोजे ओढून काढले. हसू लपवायला तिनं पाठ फिरवली, पण खांदे हलायचे ते हललेच. मोरीत जाऊन ती पाटावर बसली, भांडं मांडीत घेतलं. नळ सोडल्याचा आवाज काही आला नाही.

एवढंसं भांडं ते. घासता घासता दिवेलागण झाली.