घरातला की बाहेरचा?

आळंदच्या बाजारात दुकानदार गुरुबसवनं दोन ब्लूटूथ स्पीकर वाजवून दाखवले. "घरात ऐकायला हा छोटा बास झाला. मोठा शेतात न्यायला, लांबपर्यंत ऐकू जातोय."

"मोठाच द्या," ग्यानबा म्हणाला. "लावायचा घरातच हाय, पण शेजारच्याला झोप लागली न्हाई पायजे."

शेजारचा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ तानाजी. वाटणीत अंगणात भिंत उभी राहिली, तेव्हापासून दोघांची बोलचाल बंद होती.

ग्यानबा रोज पहाटे स्पीकर भिंतीकडं तोंड करून ठेवायचा आणि आवाज पार वर न्यायचा. फोनात होती तेवढीच भजनं लावायचा, वारलेल्या वडिलांनी, म्हणजे अप्पानं, सप्ताहात म्हटलेली. बायको नागूबाई कानावर हात ठेवून चहा उकळायची. तानाजी मात्र हूं की चूं करत नव्हता. त्याचाच ग्यानबाला जास्त राग यायचा.

एके सकाळी लाइट गेलेली होती आणि भजन रंगात आलं असतानाच स्पीकरचं चार्जिंग संपलं.



थोड्या वेळानं भिंतीवरून तानाजीच्या इन्व्हर्टरला जोडलेला वायरबोर्ड हळूहळू खाली आला, आणि मागोमाग आवाज: "अण्णा, अप्पाला निम्म्यात कामून थांबवायलास? लाव की."