खुडूक

अंड्यावरची फुली आपोलिनाची नव्हती.

तिने ते अंडं उन्हाकडे धरून पाहिलं. कोंबडीखाली ठेवायच्या अंड्यांवर कोळशाने खूण करायची, म्हणजे मागाहून घातलेलं अंडं वेगळं ओळखता येतं. हे तिला आईने शिकवलं होतं. आपोलिनाची फुली इगर्जीवरच्या खुरसासारखी, म्हणजे क्रुसासारखी, खालचा पाय लांब. ही फुली शाळेतल्या बेरजेची, चारही हात सारखे. तिने कोंबडीच्या पोटाखाली हात घालून बाकीची अंडी काढली. सगळ्यांवर बेरीज. कोंबडीने तिच्या मनगटावर टोच मारली. बरोबरच होतं. इतके दिवस ती बिचारी परक्याची अंडी उबवत बसली होती, आणि मालकिणीला ते आत्ता कळत होतं.

ही कोंबडी म्हणजे आपोलिनाच्या शहाणपणाचा पुरावा. गोव्यात लढाई सुरू झाली, पाखले, म्हणजे पोर्तुगीज, पूल उडवत मागे हटायला लागले, तेव्हा लोक सोनंनाणं आणि म्हातारी माणसं घेऊन पळाले. आपोलिनाने टोपलीसकट खुडूक कोंबडी उचलली. खाली अंडी होती. टाकून कशी जाणार? घराला मात्र तिने नीट कुलूप लावलं. दोनदा ओढून बघितलं. शेजारी दारं सताड टाकून धावत होते, त्यांची तिला कीव आली. वळणावर पोचली तेव्हा मागे मोठा आवाज झाला. तिने वळून पाहिलं नाही. टोपली कलंडली असती.

थोडं पायी, थोडं बैलगाडीने, शेवटी एका ट्रकमधून हद्द ओलांडून ती कसालच्या बाजारात येऊन टेकली. तोवर तिकडे लढाई संपली होती. पण तिला हे सांगणार कोण? पुढ्यात कोंबडी होती आणि दिवस बाजाराचा होता. बाया यायच्या, कोंबडीचं पोट दाबून बघायच्या आणि भाव विचारायच्या.

“कोंबडी कितक्याक गो?” धामापूरच्या कावेरीनेही तेच विचारलं.

“विकूंक न्हय. आमी लढायेक लागून पळून आयल्यांव,” आपोलिना म्हणाली. आम्ही म्हणजे ती आणि कोंबडी.

कावेरीने बाईकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं. मग टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली. “चल. बसलेल्या कोंबडीक उठवची नाय. पिल्लां होऊंदेत, मगे जा.”

एवढंच. नाव नाही, गाव नाही, जात नाही. ते सगळं आपोलिनाने वाटेत आपणहून सांगितलं. पुलाला लागूनच घर. या कधीतरी, कोणीही दाखवेल.

लढाई संपल्याचं कळलं तेव्हा ती निघालीच होती. तिचा नवरा कॉस्मे आता नव्हता. आगबोटीवर भांडी घासून घासून त्याने ते घर बांधलं होतं. तेवढं एकच तिला उरलं होतं. चावी तिने गळ्यात जपमाळेबरोबर ओवली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती. पण अंडी फुटेनात. नाताळ आला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी, स्वतःचा उपास असताना, कावेरीने तिच्यासाठी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळल्या. अंडी फुटली नाहीत. संक्रांत झाली. “थंडी हा गो, येळ लागता,” कावेरी म्हणायची. तिचा नवरा विश्राम गवंडी. तो कसालला कोणाची तरी विहीर बांधायला गेला होता, आठवड्याने एकदा घरी यायचा. कसली ही विहीर, आपोलिना मनात म्हणायची, एव्हाना पाताळात पोचली असेल.

आता हातातल्या अंड्याकडे बघता बघता तिला सगळा उलगडा झाला. कावेरीला मूलबाळ नाही. नवरा बाहेर. तिचा आपल्यावर जीव जडलाय. आपल्या गप्पा, आपलं हसणं, शिवाय आपण घातलेलं बांगड्याचं लोणचं. कोणाचाही जडेल. आपोलिनाला कावेरीची फार दया आली. तिने मनातल्या मनात उद्याच्या निरोपाचं एक लहानसं भाषण जुळवलं, त्यात दोन ठिकाणी स्वतःलाच गहिवरून आलं, आणि ती अंगणात गेली.

कावेरी सुपात तांदूळ निवडत होती. आपोलिनाला बघून कावेरीच्या कोंबडीची पिल्लं तिच्या पायात घुटमळली. आपोलिनाने अंडं कावेरीपुढे धरलं.

“कावेरी, तुजो मोग माका कळता. पूण हांव फाल्यां घरा वतां. तू रडूं नाका.”

कावेरी रडत नव्हती. “बरां,” ती म्हणाली.

उरलेलं भाषण वाया गेलं. “आनी म्हजीं अंडीं खंय?” आपोलिनाने विचारलं.

“तू रोज कण्या घालतंस तीं पिल्लां कोणाची? माझ्या कोंबडीखाली फुटली, कधीचीच.” कावेरीने मान वळवली. विश्राम नुकताच आला होता, पाण्याच्या दगडी दोणीवर पाय धूत होता. “आयकलात? आता सांगा तिका. बदलून बदलून माझी अंडी संपली.”

विश्राम पुढे आला. हाताला चुना होता, नखांत चिऱ्यांची तांबडी माती होती.

“कौलां चढली, बाय,” तो संकोचून म्हणाला. “भिंतीक पाणी मारून झाला. फाल्या गेलंस तरी चलात.”

“खंयची भिंत?”

“तुझी.”

आपोलिनाचा हात गळ्यातल्या चावीकडे गेला. “चावी म्हजेकडेन आसा. तुमी भितर कशे गेल्यात?”

विश्रामने कावेरीकडे पाहिलं. कावेरी सुपातला एकच खडा पुन्हा पुन्हा शोधत राहिली.

“कुलूप बरोबर लागलेला होता, बाय,” विश्राम म्हणाला. “मीया पण दोनदा ओढून बघितलंय. भोवतालचा घर तेवढा नव्हता.”