किटलीचं तोंड

चिनी मातीची किटली खोक्यात बसवून पॅकरने खोकं कानाशी धरून हलवलं. आतून आवाज आला तर वस्तू वाटेत फुटणार, हा त्याचा साधा हिशोब.

टिण्, टिण्, टिण्.

खोकं टेबलावर ठेवलं तरी आवाज येतच राहिला. आवाज ओळखीचा होता. आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेला थोरला भाऊ पाणी हवं असलं की पेल्यावर असाच चमचा वाजवायचा. दिवसभर, जीव नकोसा होईपर्यंत.

"आता तूसुद्धा?" पॅकर खोक्यावर खेकसला.

त्याने चहूबाजूंनी कागदाचे बोळे ठासले. आवाज दबला, पण थांबेना. मग त्याला चूक कळली. पोकळ वस्तू आतूनही भरावी लागते, आणि किटली रिकामीच राहिली होती. झाकण काढून त्याने तिच्यात कागद कोंबला, अगदी तोंडापर्यंत.

आवाज बंद.

"अहो!" आतून बायकोने हाक मारली. "भाऊजींच्या घशात काहीतरी अडकलंय! पाणी आत जातच नाहीये!"

पॅकरचा हात थबकला. त्याने खोकं हळूच कलतं केलं. आत खाट करकरली.

"अगं बाई, पडतील ना ते! धरा जरा येऊन!"

"आलोच," तो म्हणाला.

उभ्या आयुष्यात त्याच्या हातून साधा कपही फुटला नव्हता. त्याने बाजूंचे बोळे एकेक करून काढून घेतले, खोक्याला नीट चिकटपट्टी लावली, ते डोक्याच्या वर उचललं आणि हात सोडले.