माईकचं नाव

उलव्याच्या सगुणाबाई आगरी लग्नांत धवले गायच्या. आपली गाणी मागे राहावीत म्हणून त्या ती मोबाईलवर रेकॉर्ड करायला लागल्या. पण नव्या माईकला 'धवलारीण' असं मराठीत नाव दिल्यापासून ॲपला माईकच दिसेना. शेवटी त्या वाशीला, ॲपच्या कंपनीच्या ऑफिसातच आल्या.

"मावशी, नाव इंग्लिशमध्ये टाका," तिथे ॲपच्या तक्रारी बघणारी मनस्वी म्हणाली.

"मना इंग्रजी वाचाला येत नाय गो. मंग माजा माईक कनचा, ता कसा समजाचा?"

मनस्वीने कोड उघडला. मराठी अक्षर आलं, की ॲप ते नाव यादीतून गाळत होतं. दुरुस्ती दोन ओळींची होती. परवानगीसाठी मनस्वी तिच्या साहेबांकडे, प्रसादसरांकडे गेली.

"अशा बायका किती येणार? नाव बदलायला सांग आणि कटव," ते मोबाईलवरून मान वर न करता म्हणाले.

मनस्वीला त्यांची शिसारी आली. सरांच्या तोंडावर मारायला तिने जुन्या तक्रारी काढल्या. एकशे बारा निघाल्या. मराठी, तमिळ, बंगाली. प्रत्येकीला एकच उत्तर गेलं होतं: 'नाव इंग्रजीत ठेवा.'

आणि प्रत्येक उत्तराखाली नाव होतं, मनस्वी.