उतरण्याची रीत

सांधा कधी खोटं बोलत नाही, असं आमचे डॉक्टर सांगत. त्यामुळे रुग्णाला बोलू देत नसत. १९३१मध्ये नागावच्या बागाईतदारांनी रावजीला दाखल्यासाठी धाडलं; गुडघे धड असले तर माड चढायचं काम त्याचं, नाहीतर दुसऱ्याचं. “रोज चढतोस किती?” “चाळीस माड, सायेब.” “छापील तक्त्यात माड नाही, जिना आहे. हा चढून दाखव.” रावजी सरसर चढला. उतरताना त्यानं तोंड जिन्याकडे केलं, कठड्याला मिठी मारली आणि पायरी चाचपत खाली आला. “हे काय रे?” “मंग कसा उतरू? माडावरनं कुनी पाठ लावून उतरतंय व्हय?” कंपाउंडर हसला. डॉक्टरांनी लिहिलं: ‘उतरताना गुडघ्यांवर भरवसा नाही. श्रमास अपात्र.’ “सायेब, येक डाव माडावर चढवून बघा!” “रकाना नाही.” माड दुसऱ्याला मिळाले. रावजीच्या आळीत जिना एकाही घराला नव्हता.