आकड्यातले आप्पा

“त्या आकड्यात तुझं आप्पा हायेत का?”

उष्टी ताटं गोळा करता करता गोजराबाईंनी लेकीला, शुभांगीला विचारलं. आप्पांचं वर्षश्राद्ध नुकतंच आटोपलं होतं. भावकी जेवून पांगली होती. सकाळपासून भरलेल्या त्या घरात आता घरचीच माणसं उरली होती.

शुभांगी पुण्यात संख्याशास्त्र शिकवायची. गेल्या एप्रिलच्या उष्णतेच्या लाटेत जिल्ह्यात किती माणसं दगावली, याचा अंदाज तिनं काढला होता. सरकारी नोंदीत उष्माघाताचे बळी दोन. शुभांगीचा अंदाज तीनशेच्या आसपास. पेपरात बातमी आली होती.

आप्पाही त्याच लाटेत गेले. भर दुपारी बांधावर कोसळले. डॉक्टरांनी लिहिलं, हृदय बंद पडलं.

“आई, तसं नाही सांगता येत,” ती म्हणाली. “एरवी जेवढी माणसं जातात, त्याहून किती जास्त गेली, एवढंच कळतं. त्यातलं कोण उन्हानं गेलं, ते नाही कळत.”

“मला गणित नगं. उनानं गेलं का, तेवढं सांग.”

त्या दिवशी सकाळी घरात भांडण झालं होतं, आप्पा न जेवताच शेतावर गेले होते, हे शुभांगीच्या कानावर आलं होतं. आईला वर्षभर तेच खात असणार. आकडा कुणा एकाबद्दल बोलत नाही, असं ती वर्गातल्या मुलांना दरवर्षी बजावायची. ती आईजवळ सरकली.

“हो आई. उन्हानंच गेले. तुझ्यामुळं नाही.”

“माझ्यामुळं? मी कुटं भांडले?”

गोजराबाईंनी मागच्या दाराकडं पाहिलं. शुभांगीचा धाकटा भाऊ शंभू गोठ्यापाशी एकटाच बसला होता. बापाच्या श्राद्धाला तो पंगतीतसुद्धा आला नव्हता.

“जमीन इका म्हून त्यो लई बोलला त्यास्नी. आता म्हणतोय, मीच मारलं बापाला. माझं ऐकत न्हाई. तू शिकल्याली. तू सांग.”

“आई, पण मला खरंच…”

“ठावं न्हाई. कळलं मला. पर त्याला आत्ता मला सांगितलंस तसंच सांग.”

शुभांगी उठली. भावाशेजारी जाऊन बसली. त्यानं मान वर केली नाही.

“शंभू, आप्पा उन्हानं गेले,” ती म्हणाली. “मी मोजलंय.”